वाचकांचे प्रश्न : संकेतस्थळावर, संगणकावर आणि मोबाइलवर ध्वनिप्रवाह ऐकवताना

सामुदायिक रेडिओ केंद्र किंवा एखादी सांस्कृतिक संस्था आपला कार्यक्रम इंटरनेटवरून थेट कसा प्रसारित करू शकते, याविषयीचा लेख गेल्या अंकात प्रसिद्ध झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांवरून असे दिसते की, बहुतेकांचा प्रवाह सुरू झालेला आहे. अडचण येते ती तो प्रवाह श्रोत्याच्या कानापर्यंत नेणाऱ्या प्लेअरपाशी. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. उत्तरांतील तांत्रिक संज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टंकित कराव्यात.

प्रश्न : आमच्या केंद्राचा प्रवाह आइसकास्ट या ध्वनिप्रसारण सर्व्हरवर चालतो. त्याचा पत्ता ब्राउझरच्या पट्टीत टाकला की आवाज उत्तम ऐकू येतो. तोच पत्ता संकेतस्थळावरील प्लेअरमध्ये दिला, तर बटण दाबूनही काहीच होत नाही. संकेतस्थळ नव्या होस्टिंगवर नेल्यापासून हे सुरू झाले. तीन वेगवेगळे प्लेअर लावून पाहिले. नेमका कोणता प्लेअर वापरावा?
— सामुदायिक रेडिओ केंद्रातील तंत्रसहायक, सातारा जिल्हा

उत्तर : आपण वर्णन केलेल्या लक्षणांवरून दोष प्लेअरमध्ये नसावा, त्यामुळे चौथा प्लेअर लावूनही हाच अनुभव येईल. नव्या होस्टिंगवर आपले संकेतस्थळ एचटीटीपीएसने, म्हणजे सुरक्षित जोडणीने उघडू लागले असणार. प्रवाहाचा पत्ता मात्र अजून साध्या एचटीटीपीचा आणि आइसकास्टच्या मूळ ८००० क्रमांकाच्या पोर्टचा, म्हणजे सर्व्हरवरील जोडणीच्या दाराचा, आहे. सुरक्षित पानामध्ये असुरक्षित मजकूर मिसळलेला ब्राउझरला चालत नाही. क्रोमने २०२० पासून असा ध्वनीचा पत्ता आपणहून एचटीटीपीएसमध्ये बदलून मागण्याचे धोरण स्वीकारले, आणि त्या पत्त्यावर सुरक्षित उत्तर मिळाले नाही, तर ध्वनी वाजवला जात नाही. आपला सर्व्हर त्या पोर्टवर सुरक्षित जोडणीची भाषा बोलतच नाही, म्हणून शांतता पसरते. पट्टीत पत्ता थेट टाकल्यावर मात्र मिसळ होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही आणि आवाज येतो. खात्री करून घ्यायची असेल, तर ते पान संगणकावरील क्रोममध्ये उघडून एफ-१२ कळ दाबावी आणि कन्सोल या भागात लाल किंवा पिवळ्या अक्षरांत काय लिहून येते ते वाचावे. कारण तिथे बहुधा स्पष्ट शब्दांत दिलेले असते.

यावर उपाय सर्व्हरच्या बाजूला करायचा आहे. सर्व्हर भाड्याने घेतलेला असेल आणि त्याची देखभाल सेवादात्याकडे असेल, तर त्यांच्याकडे प्रवाहाचा एचटीटीपीएस पत्ता मागावा. अनेकांकडे तो तयार असतो, फक्त ग्राहकाला आपणहून कळवलेला नसतो. सर्व्हर आपल्याच ताब्यात असेल, तर आइसकास्टच्या पुढे एन्जिनएक्स हा वेबसर्व्हर उभा करून ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर येणारी सुरक्षित मागणी आतल्या ८००० पोर्टकडे वळवावी. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून विनामूल्य मिळते. त्याची मुदत अल्प असल्याने नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करून ठेवावी, नाहीतर एका सकाळी प्रवाह पुन्हा मुका होईल आणि कारण चटकन ध्यानात येणार नाही. एन्जिनएक्समध्ये या मार्गापुरते बफरिंग बंद ठेवावे, कारण प्रवाहाला शेवट नसतो आणि तो साठवत बसण्यात काही अर्थ नाही. या बदलाचा आणखी एक लाभ असा की, अनेक कार्यालयांच्या आणि महाविद्यालयांच्या जाळ्यांत ८० आणि ४४३ वगळता इतर पोर्ट बंद असतात. तिथल्या श्रोत्यांनाही आपला प्रवाह आता ऐकता येईल.

राहिला प्लेअर. माझे मत विचाराल, तर ब्राउझरचा स्वतःचा ऑडिओ टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधील ध्वनीची खूण, पुरेसा आहे. त्यात कंट्रोल्स हा गुणधर्म लिहिला की बटणे आपोआप दिसतात. प्रीलोड हा गुणधर्म नन असा ठेवावा; तो न ठेवल्यास पान उघडताच, श्रोत्याने बटण दाबलेले नसतानाही, ब्राउझर प्रवाहाशी जोडणी करून डेटा खेचू लागू शकतो. तसे झाले, तर श्रोत्याचा डेटा वाया जातो आणि सर्व्हरवरील श्रोतृसंख्याही फुगून दिसते. संकेतस्थळाच्या जुन्या पानांवर फ्लॅश या अडोबी कंपनीच्या जुन्या तंत्रावर चालणारा प्लेअर राहिला असेल, तर तो काढूनच टाकावा. अडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरमध्ये मजकूर चालणेही रोखले. आपल्यासारखी अडचण शाउटकास्ट या दुसऱ्या प्रसारण-प्रोग्रामचा जुना सर्व्हर वापरणाऱ्यांनाही येते. त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की, त्या पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ आणि तिच्यापुढे अर्धविराम लिहिला नाही, तर सर्व्हर ब्राउझरला ध्वनीऐवजी स्वतःचे माहितीपान पाठवतो.

प्रश्न : पान उघडताच आमच्या संस्थेची प्रार्थना आपोआप सुरू व्हावी, अशी विश्वस्तांची इच्छा आहे. कार्यालयातील संगणकावर ती सुरू होते. इतरांकडून मात्र होत नसल्याच्या तक्रारी येतात.
— संस्थेचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या शिक्षिका, नाशिक

उत्तर : सफारीने २०१७ मध्ये आणि क्रोमने २०१८ मध्ये आवाजासह आपोआप वाजण्यावर बंधन घातले, वापरकर्त्याने पानावर कुठेतरी क्लिक केल्याशिवाय किंवा बोट लावल्याशिवाय ध्वनी सुरू होत नाही. संगणकावरील क्रोम मात्र एखाद्या स्थळावर आपण वारंवार ध्वनी ऐकतो का, याची नोंद ठेवतो आणि तशी सवय दिसली की त्या स्थळापुरती मोकळीक देतो. कार्यालयातील संगणकावर ते पान रोज उघडून ऐकले जात असल्यामुळे तिथे प्रार्थना वाजते; नव्या पाहुण्याकडे वाजणार नाही. हे बंधन चुकवण्याच्या युक्त्या शोधू नयेत, असे मला मनापासून वाटते. रुग्णालयात, वाचनालयात किंवा झोपलेल्या बाळाशेजारी पान उघडणाऱ्या माणसाला आवाजाची निवड स्वतः करता आली पाहिजे. पानाच्या वरच्या भागात ‘प्रार्थना ऐका’ असे ठळक बटण द्यावे आणि विश्वस्तांना वरील कारण समजावून सांगावे.

प्रश्न : आमचे बहुतांश श्रोते मोबाइलच्या डेटावर ऐकतात. १२८ केबीपीएसवर प्रसारण करावे असे एक तज्ज्ञ सांगतात, तर दुसरे म्हणतात की, आता सर्वांकडे भरपूर डेटा असल्याने ३२० ठेवावे. श्रोत्याला किती खर्च पडतो आणि सर्व्हरवर किती भार येतो, याचा हिशोब कसा करावा? हल्ली एचएलएस पद्धतीविषयीही ऐकतो. तिचा आम्हाला उपयोग आहे का?
— कृषी व आरोग्यविषयक इंटरनेट रेडिओचे संयोजक, लातूर

उत्तर : हिशोब सोपा आहे आणि प्रत्येक केंद्राने तो स्वतः मांडून पाहावा. बिटरेटला, म्हणजे दर सेकंदाला जाणाऱ्या किलोबिटच्या (केबीपीएस) आकड्याला, आठने भागले की दर सेकंदाला लागणारे किलोबाइट मिळतात, आणि त्यांना ३,६०० ने गुणले की तासाचे. १२८ केबीपीएसला तासाला ५७.६ एमबी लागतात, ६४ ला २८.८ एमबी आणि ४८ ला २१.६ एमबी, ३२० वर हाच आकडा १४४ एमबी होतो. रोज दोन तास ऐकणाऱ्या श्रोत्याचा तीस दिवसांचा खर्च १२८ वर सुमारे साडेतीन जीबी, तर ४८ वर सुमारे १.३ जीबी होईल. घरात एकच मोबाइल असेल आणि त्यातल्याच डेटावर मुलांचा अभ्यासही चालत असेल, तर हा फरक नगण्य ठरत नाही. आपले कार्यक्रम प्रामुख्याने बोलण्याचे आहेत. बोलण्यासाठी ३२० केबीपीएस ठेवल्याने ऐकणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. त्याचा डेटा तेवढा संपतो.

सर्व्हरच्या बाजूने पाहिले, तर १२८ केबीपीएसचे शंभर श्रोते एकाच वेळी ऐकत असताना १२.८ एमबीपीएस एवढा बाहेर जाणारा वेग लागतो आणि तासाभरात ५.७६ जीबी डेटा खर्च होतो. म्हणून स्टुडिओतल्या ब्रॉडबँडवरून श्रोत्यांना थेट प्रवाह देण्याचा विचार करू नये. स्टुडिओतून एकच प्रवाह भाड्याच्या सर्व्हरला पाठवावा आणि श्रोत्यांमध्ये तो वाटण्याचे काम त्या सर्व्हरवर सोपवावे.

कोणत्या स्वरूपात प्रसारण करावे, हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. एमपी-३ जवळजवळ सर्वत्र चालते, त्यावरील परवान्यांचा मुख्य कार्यक्रमही २०१७ मध्ये बंद झाला आणि एकमार्गी, म्हणजे मोनो ध्वनीसाठी ६४ केबीपीएसवर बोलणे स्वच्छ ऐकू येते. त्याच्याही खाली उतरायचे असेल, तर एएसी या दुसऱ्या ध्वनिस्वरूपाचा एचई-एएसी हा प्रकार वापरावा, कारण ४८ केबीपीएसवर एमपी-३मधील संगीत खरखरीत आणि पाण्याखालून आल्यासारखे वाटते, तर एचई-एएसी तेवढ्याच खर्चात बरेच नितळ राहते. ओपस हे २०१२ मध्ये प्रमाणित झालेले स्वरूप गुणवत्तेने दोघांहून सरस आहे, परंतु जुन्या आयफोनवर ते ऑग या फाइल-वेष्टनातून वाजेल याचा भरवसा नसल्यामुळे एकमेव प्रवाह म्हणून ते ठेवू नये. माझी शिफारस अशी की, आइसकास्टवर दोन माउंट, म्हणजे स्वतंत्र पत्त्यांचे दोन प्रवाह, ठेवावेत, एक ४८चा एचई-एएसी आणि दुसरा ९६चा किंवा १२८चा एमपी-३, आणि प्लेअरखाली ‘कमी डेटा’ व ‘उत्तम आवाज’ अशा दोन शब्दांत त्यांची निवड द्यावी. पहिला पर्याय आपोआप निवडलेला असावा. तासाला किती एमबी लागतील, हेही त्या बटणाशेजारी लिहावे. श्रोत्याला हे सांगणारी केंद्रे फार थोडी आहेत आणि मला ते केंद्राचे कर्तव्य वाटते.

एचएलएस ही अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेली पद्धत आहे. तीत अखंड प्रवाहाऐवजी काही सेकंदांच्या लहान तुकड्यांच्या फाइली तयार होतात आणि प्लेअर त्या एकामागून एक मागत जातो. प्रत्येक तुकडा ही स्वतंत्र मागणी असल्यामुळे एसटी घाटातून जाताना नेटवर्क तुटले आणि पुन्हा जुळले, तरी साठवलेल्या तुकड्यांवर आवाज चालू राहू शकतो. शिवाय वेग कमी झाला की प्लेअर आपणहून हलक्या बिटरेटवर उतरतो. याचे मोल म्हणून श्रोता थेट कार्यक्रमाच्या अर्ध्या मिनिटापर्यंत, कधी त्याहूनही मागे राहतो आणि सर्व्हरची मांडणी अधिक गुंतागुंतीची होते. सफारीत ही पद्धत मुळातच चालते. इतर अनेक ब्राउझरांत तिच्यासाठी एचएलएस-जेएससारखी लायब्ररी पानात जोडावी लागते. आपले श्रोते शेतातून आणि घरातून, एका जागी बसून ऐकत असतील, तर दोन माउंटची साधी व्यवस्था पुरेशी आहे. प्रवासातील श्रोते वाढल्याचे दिसले की मग एचएलएसकडे वळावे.

प्रश्न : स्टुडिओतील वीज गेली की प्रवाह तुटतो. वीज परत आल्यावर आमचे प्रसारण सुरू होते, पण श्रोत्यांचे प्लेअर बंदच राहतात आणि निम्मे श्रोते परत येत नाहीत.
— महाविद्यालयीन रेडिओचे विद्यार्थी, जळगाव

उत्तर : आइसकास्टमध्ये प्रत्येक माउंटला एक पर्यायी माउंट नेमून देता येतो. मुख्य स्रोत तुटला की सर्व्हर श्रोत्यांना जोडणी न तोडता तिकडे नेतो. आणि फॉलबॅक-ओव्हरराइड हा पर्याय चालू ठेवला असेल, तर मुख्य स्रोत परतताच त्यांना परत आणतो. पर्यायी माउंटवर ‘प्रसारण लवकरच पूर्ववत होईल’ अशी सूचना आणि थोडे आपलेच ध्वनिमुद्रित साहित्य ठेवावे. त्याचे स्वरूप, बिटरेट आणि नमुना-दर (सॅम्पल रेट) मुख्य प्रवाहासारखेच असावेत, अन्यथा प्लेअर अडखळतो. सर्व्हर स्टुडिओच्या इमारतीत असेल, तर वीज जाताच तोही बंद पडेल. ही योजना भाड्याच्या सर्व्हरवरच उपयोगी पडते.

प्लेअरमध्येही पुन्हा जोडणी करण्याची तरतूद हवी. ऑडिओ टॅग एरर, स्टॉल्ड आणि एन्डेड या घटना कळवतो. त्या आल्या की काही सेकंद थांबून प्रवाहाचा पत्ता नव्याने द्यावा आणि प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा काळ वाढवत न्यावा. त्या काळात थोडी यादृच्छिक भर घालावी, म्हणजे सर्व श्रोत्यांचे प्लेअर एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडणार नाहीत.

प्रश्न : आम्ही संकेतस्थळच आत बसवलेले अँड्रॉइड अ‍ॅप बनवून घेतले. पडदा बंद केला किंवा दुसरे अ‍ॅप उघडले की आवाज थांबतो. आयफोनवर आवाज कमीजास्त करण्याची पट्टी हलते, पण आवाज तेवढाच राहतो. शिवाय फोन येऊन गेल्यावर प्रवाह जिथे थांबला होता तिथूनच सुरू होतो, त्यामुळे थेट बातम्या शिळ्या ऐकू येतात.
— मराठी मंडळाचे कार्यकर्ते, बंगळूरु

उत्तर : तिन्ही लक्षणांची कारणे वेगळी आहेत. अ‍ॅपमध्ये वेबव्ह्यू नावाच्या चौकटीत संकेतस्थळ दाखवले जाते, आणि अ‍ॅप मागे गेले की अँड्रॉइड त्या चौकटीचे काम थांबवू शकते. पार्श्वभूमीला ध्वनी चालू ठेवायचा असेल, तर अ‍ॅपमध्ये फोरग्राउंड सर्व्हिस, म्हणजे अ‍ॅप मागे गेले तरी चालू राहणारी सेवा, लिहावी लागते. ती चालू असल्याची सूचना वर दिसत राहते आणि अँड्रॉइड १४ पासून तिचा मीडिया प्लेबॅक हा प्रकारही जाहीर करावा लागतो. हे सर्व हाताने लिहिण्यापेक्षा गूगलच्या मीडिया-३ संचातील एक्झोप्लेअर आणि त्याची मीडिया सेशन सेवा वापरावी. आयफोनच्या अ‍ॅपमध्ये पार्श्वभूमी-ध्वनीची परवानगी जाहीर करून ध्वनिसत्राचा प्रकार प्लेबॅक असा ठेवावा लागतो. प्रवाहाचा पत्ता साध्या एचटीटीपीचा असेल, तर आयओएस ९ पासून आणि अँड्रॉइड ९ पासून अ‍ॅपमध्येही तो मुळात नाकारला जातो, हेही तपासावे. याउपर काही कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची यंत्रणा इतकी कडक असते की, ती नियमाने चालणारी सेवाही बंद करते; अशा श्रोत्यांसाठी आपल्या अ‍ॅपला त्या यंत्रणेतून सूट कशी द्यावी, याचे मराठीतील छोटे माहितीपान अ‍ॅपमध्येच ठेवावे.

आयफोनवर संकेतस्थळाला आवाजाची पातळी कोडमधून बदलता येत नाही. ती बाजूच्या कळांनीच बदलते. तिथे ती पट्टी दाखवूच नये.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ती अनेक संकेतस्थळांवर आढळते. ध्वनिमुद्रणासाठी ‘थोडे थांबा’ असे बटण योग्य आहे, थेट प्रवाहासाठी नाही. प्लेअर थांबवला, तरी त्याने साठवलेला ध्वनी तसाच राहतो आणि पुन्हा सुरू केल्यावर आधी तो वाजतो. म्हणून थेट प्रवाहाच्या प्लेअरला ‘ऐका’ आणि ‘बंद’ एवढीच बटणे असावीत. बंद केल्यावर सोर्सचा पत्ता काढून टाकून जोडणी तोडावी आणि पुन्हा ऐकताना तो नव्याने द्यावा, म्हणजे श्रोता नेहमी चालू क्षणाशी जोडला जाईल. फोन आल्यावर प्रवाह थांबतो तेव्हाही हीच रीत पाळावी.

आणि एक सूचना, जी कदाचित अ‍ॅप बनवून घेण्याआधी मिळायला हवी होती. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ऑडिओ टॅगवर चालणारा प्रवाह पडदा बंद झाल्यावरही सहसा चालू राहतो, आणि मीडिया सेशन या सोयीने कार्यक्रमाचे नाव, चित्र व बटणे कुलूपबंद पडद्यावर दाखवता येतात. मंडळाच्या गरजेला एक नीटनेटके पान पुरे पडते, आणि त्याला अ‍ॅपसारखी दरवर्षी नव्या नियमांनुसार दुरुस्ती लागत नाही.

प्रश्न : मी दृष्टिहीन आहे आणि संगणकावर एनव्हीडीए हा पडदावाचक वापरतो. अनेक मराठी रेडिओ संकेतस्थळांवर मला प्लेअर सापडतच नाही. सापडला, तर तो नुसते ‘बटण’ असे म्हणतो. संकेतस्थळ बनवणाऱ्यांना काय सांगावे?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपले पत्र संकेतस्थळ बनवणाऱ्या प्रत्येकाने वाचावे, यासाठीच येथे घेतले आहे. रेडिओ हे माध्यम दृष्टिहीन श्रोत्याला पूर्णतः समान वाटा देणारे आहे, आणि त्याच्या दारातील बटण त्यालाच सापडू नये हे कोणत्याही केंद्राला शोभत नाही.

असे घडते, कारण प्लेअर देखणा करण्यासाठी ब्राउझरची मूळ बटणे काढून त्यांच्या जागी चित्रे बसवली जातात. चित्राला माउसचा क्लिक समजतो, पण कीबोर्डची टॅब कळ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि पडदावाचकाला त्याचे नाव कळत नाही. ब्राउझरची स्वतःची कंट्रोल्स ठेवली, तर यातील बरेचसे प्रश्न उद्भवतच नाहीत. स्वतःची बटणे करायचीच असतील, तर ती बटन टॅगने करावीत, प्रत्येकाला ‘थेट प्रसारण ऐका’ असे पूर्ण नाव एरिया-लेबल या गुणधर्माने द्यावे आणि आवाज सुरू झाल्यावर ते नाव ‘प्रसारण बंद करा’ असे बदलावे. पानाची भाषा एमआर, म्हणजे मराठी, अशी नोंदवलेली असावी. ती इंग्रजी राहिली, तर पडदावाचक मराठी नावे इंग्रजी आवाजात वाचू पाहतो. चालू गाण्याचे नाव बदलताच ते मोठ्याने घोषित होईल अशी रचना मात्र करू नये. गाणे ऐकत असलेल्या माणसाच्या कानात दर तीन मिनिटांनी यंत्राचा आवाज घुसतो. वेबसुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांत असेही म्हटले आहे की, आपोआप सुरू होऊन तीन सेकंदांहून अधिक चालणारा ध्वनी थांबवण्याची किंवा त्याची पातळी वेगळी नियंत्रित करण्याची सोय असलीच पाहिजे. पडदावाचकाचा आवाज त्या ध्वनीखाली दडपला जातो, हे त्याचे कारण.

प्रश्न : प्लेअरमध्ये गाण्याचे नाव मराठीत दाखवायचे आहे, पण तिथे विचित्र खुणा असलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसते.
— इंटरनेट रेडिओचे हौशी संचालक, ठाणे

उत्तर : यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, वाचणाऱ्या प्रोग्रामने ते लॅटिन-१, म्हणजे रोमन अक्षरांची जुनी संकेतप्रणाली, समजून वाचले की प्रत्येक बाइटचे एक वेगळे अक्षर होते आणि आपण म्हणता ती रांग तयार होते. आइसकास्ट २.३.२ पासून एमपी-३ प्रवाहातील नावे लॅटिन-१मध्ये आहेत असे गृहीत धरतो. त्याच्या मांडणीच्या फाइलीत आपल्या माउंटखाली कॅरसेट या नोंदीत यूटीएफ-८ लिहावे आणि प्रवाह पाठवणारा प्रोग्रामही नावे यूटीएफ-८मध्येच पाठवत असल्याची खात्री करावी. फाइलींवरची नावे आयडी-३ या एमपी-३ फाइलीत नावे साठवण्याच्या पद्धतीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीत साठवलेली असतील, तर तिथे शीर्षकाला केवळ ३० बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीची दहा चिन्हे, आणि काना-मात्रा त्यांतच मोजल्या जातात. म्हणून दुसरी आवृत्ती वापरावी.

ऑडिओ टॅग प्रवाहात दडलेले नाव पानाला देत नाही. ते आइसकास्टच्या स्टेटस-जेसन या पानावरून दर पंधरा-वीस सेकंदांनी वेगळे मागवावे. संकेतस्थळ आणि सर्व्हर यांचे पत्ते भिन्न असतील, तर सर्व्हरने त्यासाठी सीओआरएसची, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरील पानाला आपली माहिती वाचू देण्याची, परवानगी द्यावी लागते. नाचणाऱ्या पट्ट्यांचे दृश्य प्लेअरला जोडणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे, कारण ती परवानगी नसताना प्रवाह वेब ऑडिओ या ब्राउझरच्या ध्वनिप्रक्रियेच्या सोयीतून नेला की ब्राउझर ध्वनीच्या जागी शून्य देतो आणि पट्ट्यांच्या हौसेपायी आवाजच जातो.

प्रश्न : जुन्या नाट्यगीतांचा चोवीस तास चालणारा प्रवाह आमच्या स्थळावर ठेवायचा आहे. रेडिओप्रमाणे शुल्क भरून सक्तीचा परवाना मिळतो का? तसेच दुसऱ्या केंद्राचा प्रवाह आमच्या पानावर लावता येईल का?
— नाट्यरसिक मंडळ, सांगली

उत्तर : कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ३१-डी प्रसारण संस्थांना वैधानिक परवाना, म्हणजे हक्कधारकाच्या वेगळ्या संमतीविना ठरलेल्या शुल्कावर मिळणारा परवाना, देते. इंटरनेटवरील संगीतसेवांना त्याचा आधार घेता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स इंडस्ट्रीज आणि विंक म्युझिक यांच्या वादात २०१९ मध्ये दिला आणि खंडपीठाने तो २०२२ मध्ये कायम ठेवला. म्हणून हक्कधारकांची थेट परवानगी घ्यावी. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. पण पदाच्या कवीचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर साठ वर्षे चालतो, त्यामुळे तबकडी मुक्त झाली तरी पद मुक्त झालेच असे नाही. प्रत्येक पदाची ही तिन्ही उत्तरे एका तक्त्यात लिहून तो तक्ता या विषयातील वकिलाला दाखवावा.

दुसऱ्या केंद्राने स्वतःचा प्लेअर इतरांच्या पानात बसवण्यासाठी आयफ्रेमचे कोड दिले असेल, तर ते जसेच्या तसे वापरावे. त्यांच्या प्रवाहाचा मूळ पत्ता शोधून आपल्या प्लेअरला जोडू नये. खर्च त्यांच्या सर्व्हरवर पडतो, नाव आपल्या स्थळाचे दिसते आणि त्यांनी पत्ता बदलला की आपल्या श्रोत्याला शांतता मिळते.

प्रश्न : कीर्तनांची दीड-दीड तासाची ध्वनिमुद्रणे एका पानावर ठेवली आहेत. अँड्रॉइडवर चालतात, आयफोनवर नाही. पानही फार सावकाश उघडते.
— वाचक, पंढरपूर

उत्तर : आयफोनची सफारी ध्वनिफाइल तुकड्यातुकड्यांनी मागते आणि सर्व्हरने २०६ क्रमांकाचे उत्तर देऊन तेवढाच भाग पाठवावा, अशी तिची अपेक्षा असते. फाइली पीएचपीच्या मधल्या कोडमधून दिल्या जात असतील, तर ही सोय बहुधा तिथे सुटलेली असते. फाइलींचे थेट पत्ते द्यावेत. सर्व ऑडिओ टॅगना प्रीलोड नन लावला की पान हलके होईल. बोलण्याचे मुद्रण ६४ केबीपीएसच्या स्थिर बिटरेटवर मोनोमध्ये केल्यास दीड तासाला ४३.२ एमबी पुरतात, आणि स्थिर बिटरेटमुळे श्रोत्याने सरकपट्टी उत्तररंगापाशी नेली तर ती तिथेच पोहोचते.

प्रश्न : मी ब्राउझर न उघडता संगणकावर रेडिओ ऐकू इच्छितो. आणि संगणकावरील वेळेचे टोले घरच्या रेडिओपेक्षा उशिरा का पडतात?
— ज्येष्ठ वाचक, पुणे

उत्तर : व्हीएलसी हा विनामूल्य प्रोग्राम घ्यावा. त्यात कंट्रोल आणि एन या कळा एकत्र दाबल्या की चौकट उघडते. तिच्यात प्रवाहाचा पत्ता चिकटवून प्ले म्हणावे. रोज पत्ता टाकायचा नसेल, तर नोटपॅडमध्ये फक्त तो पत्ता एका ओळीत लिहून फाइल एम-३-यू या प्रकारात डेस्कटॉपवर जतन करावी. तिच्यावर दोनदा क्लिक केले की रेडिओ सुरू होईल. व्हीएलसीऐवजी दुसरा प्रोग्राम उघडला, तर फाइलीवर उजवे क्लिक करून ‘ओपन विथ’मधून व्हीएलसी निवडावा.

टोले उशिरा पडतात, कारण प्रवाह वाटेत अनेक ठिकाणी साठवला जातो. आइसकास्ट नव्या श्रोत्याला सुरुवातीलाच ६५,५३६ बाइटचा साठा एकदम देतो, म्हणजे आवाज लवकर सुरू होतो. पण १२८ केबीपीएसवर हा साठा सुमारे चार सेकंदांचा आणि ६४ वर आठ सेकंदांचा असतो, आणि श्रोता तेवढा मागेच राहतो. त्यात स्टुडिओतील संगणकाचा आणि आपल्या प्लेअरचा साठा मिळवावा. या टोल्यांवर घड्याळ लावू नये.

केंद्रचालकांनी अशा श्रोत्यांसाठी एम-३-यू फाइल प्लेअरच्या खालीच उतरवून घेण्यास ठेवावी, आणि तिच्यात सेवादात्याचा पत्ता न देता स्वतःच्या डोमेनचा उपपत्ता द्यावा. पुढे सर्व्हर बदलला, तरी तो पत्ता नव्या ठिकाणी वळवता येतो आणि लोकांच्या डेस्कटॉपवरील फाइली चालू राहतात.